लेकीच्या घरचा घास

आष्टीच्या कारभारींना मुंबईचं विचारलं की ते दर्याचं सांगायचे. पाणी दिवसातून दोनदा कसं मागं सरतं, बोटीच्या पोटातून पोती कशी वर येतात, भाऊच्या धक्क्यावर बायामाणसं डोईवर टोपली घेऊन हलत्या लाँचमध्ये कशी उतरतात, सगळं हातवारे करून सांगायचे. पारावरची मंडळी हातातला चहा थंड होईपर्यंत ऐकत बसायची. पण कोणी सहज विचारलं, "लेकीकडं काय जेवलात मंग?" की गडी धोतर झटकून उठायचा, बैलाला पाणी दाखवायचं राहिलं म्हणायचा आणि वावराची वाट धरायचा. बैलाला पाणी दाखवून अजून तासही झालेला नसायचा.

कारभारी म्हणजे रीतीचा माणूस. चौदा एकर कोरडवाहू, एक विहीर, एक बैलजोडी आणि डोक्यात शंभर रीती. कोणत्या सोयऱ्याला कोणता आहेर, मयताच्या घरी कितव्या दिवशी कोणी भाकरी न्यायची, नवरदेव उतरल्यावर आधी पाय कोणी धुवायचे, हे गावाला आठवेनासं झालं की लोक कारभारींच्या ओट्यावर येत. त्यांनाही ते आवडायचं, खोटं कशाला बोला. आपल्यामुळं गाव वळणावर आहे, असं त्यांना मनातून वाटायचं. सोनूबाई, त्यांची बायको, म्हणायची की ह्या माणसाला रीत वाढली की भाकर नको.

या सगळ्या रीतींत एक त्यांनी फार घट्ट धरली होती. लेकीला लेकरू झाल्याशिवाय बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. त्यांच्या बापानं ती पाळली, आज्यानं पाळली. गावातले दुसरे बाप एव्हाना ढिले झाले होते. कोणी म्हणायचं, चहा म्हणजे काही जेवण नव्हे. कोणी म्हणायचं, शहरात कुठं आलीय रीत. कारभारी अशांकडं नुसतं बघायचे.

त्यांना एकच लेक, उषा. सदुसष्ट साली तिला जांब समर्थच्या बाजूच्या गावात दिली. जावई मच्छिंद्र निर्व्यसनी, कामाला वाघ. लग्नानंतर वर्षभरातच तो मुंबईच्या गोदीत माल उतरवायच्या कामाला लागला आणि माझगावच्या एका चाळीत खोली घेऊन उषालाही घेऊन गेला. सात वर्षं झाली, लेकरू नव्हतं. दर दिवाळीला उषा माहेरी यायची, सोनूबाई तिची ओटी भरायची, आणि कारभारी तिला एकच वाक्य बोलायचे, की लेकरू होऊ दे, मंग बघ, तुझ्या घरी पाय पसरून जेवतो. ते त्यांना आशीर्वादासारखं वाटायचं. उषा खाली मान घालून हसायची.

चौऱ्याहत्तर साली पाऊसपाणी बरं झालं. दुष्काळानं पिचलेल्या घरात मूग आला, ज्वारी उभी राहिली. उषानं पत्र टाकलं, आबा, एकदा तरी या, समुद्र दाखविते. सोनूबाईनं पाच दिवस टिकतील अशा दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, लेकीसाठी घरची ज्वारी आणि तुरीची दाळ बांधली, आणि निघताना म्हणाली, या खेपेला तरी पोरीच्या हातचं खा. कारभारींनी गाठोडं उचललं. परतूरला गाडीत बसले, जालना मागं पडलं, मनमाडला गाडी बदलली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते बोरीबंदरला उतरले. मच्छिंद्र घ्यायला आला होता.

उषानं खोली सारवल्यासारखी लख्ख पुसली होती. स्टोव्हवर पुरणाचं पातेलं होतं. तिनं बापाच्या पायावर पाणी घातलं, ते त्यांनी घेतलं. मग तांब्या पुढं केला, तो घेतला नाही. ताट मांडलं, त्याला हात जोडले आणि आपलं गाठोडं सोडून दशमी काढली. मच्छिंद्र बघतच राहिला. कारभारी हसत म्हणाले, "लेकरू होऊ दे, माय. मंग बघ, पुरणपोळ्या मोजू नको." उषा हसली, पण ताट उचलताना तिचा पदर एकदा डोळ्याला लागला. ते कारभारींनी पाहिलं, आणि शेगडी-स्टोव्हचा धूर असेल अशी स्वतःची समजूत घातली.

रात्री ते खोलीत झोपले नाहीत. बाहेरच्या सामाईक गॅलरीत सतरंजी टाकली. गॅलरी चाळीची, लेकीची नव्हे, असा हिशेब. पाणी खालच्या नळाचं प्यायले, तो नळही कोणा एकाचा नव्हता. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, शेजारच्या कांताबाईनं "आबा, चहा घ्या" म्हणून हाक मारली, तर तिच्या उंबऱ्यात बसून दोन बशा चहा प्यायले. कांताबाई परकी. परक्याच्या घरी चहा घ्यायला रीत आड येत नव्हती. भिंत पातळ होती, फुर्र फुर्र ओढलेल्या चहाचा आवाज पलीकडं जात होता, आणि पलीकडं उषा दूध आटवून बसली होती. माणूस रीतीच्या मागं लागला की किती आंधळा होतो, ते इथं दिसतं.

आता खोलीत जेवायची वेळ झाली की तिथं बसून राहणं कारभारींना जड जायचं. लेकीनं ताट मांडायचं, आपण हात जोडायचे, हे किती वेळा करणार? म्हणून ते जेवणाच्या आधीच बाहेर पडू लागले. असा त्यांचा दर्या बघायचा नाद लागला. लोकांना वाटतं कारभारी हौशी माणूस, चार दिवसांत सगळा किनारा पालथा घातला. खरं सांगायचं तर लेकीचं ताट चुकवायला पालथा घातला.

बाहेर पडले त्या पहिल्या दिवशी ते वाट विचारत भाऊच्या धक्क्यावर गेले. मासळीचा वास नाकात बसला, उपरणं तोंडाला लावलं. धक्क्याला पाणी थेट काठाला टेकलेलं. रेवसला जाणारी लाँच भरत होती. कारभारी एका लोखंडी खुंट्याजवळ बसले आणि दशमी सोडली. विहिरीचं पाणी हातानं मोजणारा माणूस, त्यानं हे पाणी डोळ्यानं मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. बहात्तर साली त्यांनी विहीर तीन वेळा खोल केली होती. तळाला ओल लागली तेव्हा अख्खं घर आत डोकावायला आलं होतं. आणि इथं एवढं पाणी कोणी बघतसुद्धा नव्हतं. त्यांनी पायरी उतरून बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि थुंकलं. जवळ जाळं शिवत बसलेला एक म्हातारा कोळी हसला.

दुपारी उठून बघतात तर पाणी खाली गेलेलं. काठाचा चिखल उघडा, होड्या कुशीवर पडलेल्या. कारभारींना खरंच धसका बसला. एवढं पाणी कोणी उपसलं, असं त्यांनी त्या कोळ्याला विचारलं. तो म्हणाला, कोणी नाही आबा, सांजला परत येईल, रोजचंच आहे. कारभारी संध्याकाळपर्यंत तिथंच बसून राहिले, पाणी खरंच परत येतं का ते बघायला. आलं. तेव्हा कुठं ते घरी निघाले. घरी उषानं संध्याकाळी त्यांच्या आवडीचं भरलं वांगं केलं होतं. गॅलरीत दशमी खात त्यांनी तिला भरती-ओहोटीची गोष्ट सांगितली. ती दाराला टेकून ऐकत होती. तिचंही जेवण झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दारुखाना म्हणतात त्या बंदराकडं गेले. तिथं जुन्या बोटी तोडत होते. लोखंडाच्या पत्र्यांचे ढीग, हातोड्यांचा ठणठणाट. एवढी मोठी बोट माणसं हातानं तोडतात, हे बघून त्यांना वाईट वाटलं. दशम्या आता वाळून कडक झाल्या होत्या. पाण्यात भिजवून खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी मच्छिंद्रची पाळी होती. कारभारी गोदीच्या दगडी भिंतीजवळून हिंडत होते. आत जायला पास लागतो, पण एका फाटकातून क्रेनचे मोठे हात दिसत होते. बोटीतून धान्याची पोती जाळीत भरून वर यायची, हवेत झुलायची आणि खाली उतरायची. ती उचलून नेणाऱ्या माणसांत आपला जावई असेल म्हणून ते डोळे बारीक करून बघत होते. दुपारी ते परत धक्क्यावर येऊन बसले, आणि थोड्या वेळानं बघतात तर गर्दीतून उषा येत होती. हातात डबा. चालून चालून तिचा चेहरा लाल झाला होता.

ती त्यांच्यासमोर खाली बसली. डबा उघडला. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, वांगं, वर मिरचीचा ठेचा. तिनं ते त्यांच्या पुढं सरकवलं आणि म्हणाली, "आबा, हे काय माझं घर न्हाई. हा धक्का सरकारचा हाय. इथं खा."

कारभारी डब्याकडं बघत राहिले. भाकरीचा वास घरचा होता. तोंडाला पाणी सुटलं होतं, पण त्यांनी मान हलवली. म्हणाले, चूल तुझीच ना, माय.

"ज्वारी तुमच्या वावरातली. दाळ आईनं बांधून दिल्याली. यात माझं काय हाय? नुसते हात माझे," उषा म्हणाली. मग तिनं गोदीकडं बोट केलं. "दुष्काळात तुम्ही रेशनवरची परदेशी लाल मिलो ज्वारी खाल्ली, खाल्ली का न्हाई? ती ह्याच गोदीत उतरली. ह्यांच्याच पाठीवरून उतरली. तवा तुम्हाला जावयाच्या पाठीवरचं धान्य चाललं, आबा."

कारभारींनी घास तोडायला हात पुढं केलासुद्धा. मग बापाचा चेहरा डोळ्यापुढं आला, आष्टीचा पार आला, आणि तो हात मागं गेला. नेहमीचं तेच वाक्य ते पुन्हा बोलले. होईल गं लेकरू, देव काय आंधळा न्हाई, मंग बघ पोटभर जेवतो.

उषानं डबा बंद केला नाही. तो तसाच उचलून तिनं जाळं शिवणाऱ्या म्हाताऱ्या कोळ्यापुढं ठेवला. त्यानं आधी कारभारींकडं बघितलं, मग तिच्याकडं, आणि काही न विचारता जेवायला लागला. दोघं बापलेक त्याचं जेवण होईपर्यंत बसून होते. डबा धुऊन घेऊन उषा निघाली, तेव्हा एवढंच म्हणाली की उन्हात जास्त बसू नका. त्या दिवशी कारभारींना दर्या दिसला नाही. म्हणजे डोळ्यांसमोर होता, पण दिसला नाही.

चौथा दिवस निघायचा. गाडी रात्रीची होती. मच्छिंद्रला सुट्टी होती, तो सासऱ्याला सकाळीच गेट वे दाखवायला घेऊन गेला. दगडी कमानीखालून कबुतरं उडत होती. दूर मोठ्या बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. दोघं कठड्यावर बसले. मच्छिंद्र बराच वेळ बोटींची नावं सांगत होता. मग सासऱ्याकडं न बघता दुसरंच बोलायला लागला.

"मामा, एक ऐकायचं का? तिला ते लेकराचं बोलू नका. रोज बोलून राह्यले तुम्ही. दोन साल झाले, मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरनं मला बाजूला घेऊन साफ सांगितलं, तिला लेकरू व्हनार न्हाई. बिलकुल न्हाई."

कारभारींनी विचारलं, उषेला ठाव हाय?

"न्हाई. टाईम लागंल, असं सांगितलंय तिला. मामा, आमच्या आईनं दुसरी पोरगी हेरून ठिवली. म्या तिचं ऐकत न्हाई. पण उषेला हे कळलं तर ती सोताच उभी राहून माझं दुसरं लगीन लावंल. तुम्हाला तुमची लेक ठाव हाय. मला दुसरी न्हाई करायची. तिला आशा हाय तवर बरं चाललंय आमचं."

मग त्यानं सासऱ्याचा हात धरला आणि कोणापाशी बोलू नका म्हणाला. कारभारींनी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. माझ्या तोंडून अक्षर निघायचं नाही, म्हणाले. आणि नंतरही ते ठामपणे सांगू शकले असते, की त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नाही.

मच्छिंद्र तिकिटाच्या रांगेला उभा राहायला बोरीबंदरला गेला. कारभारी एकटेच माझगावची वाट चालू लागले. उजव्या हाताला गोदीची भिंत संपता संपत नव्हती. आपल्या पोरीनं सात वर्षं आपल्या त्या एका वाक्याला मान खाली घालून हसत उत्तर दिलं, हे त्यांना चालताना सारखं आठवत होतं. दर दिवाळीला आपण काय देत होतो तिला? आशीर्वाद म्हणून देत होतो, आणि लागत होता घाव. कालचा डबा आठवला. कांताबाईचा चहा आठवला, आणि त्यांना भर रस्त्यात स्वतःची लाज वाटली. लेकरू होणारच नसेल तर आपण मरेपर्यंत तिच्या घरी पाण्याचा घोट घेणार नाही, असा याचा अर्थ झाला. ज्यानं ही रीत घातली त्याला एवढं सुचलं नसेल काय? नसेल सुचलं. मग आपण मोडायची. बापानं लेकीसाठी एवढं तरी करायचं.

एकदा ठरल्यावर त्यांना फार हलकं वाटलं. चौपन्न वर्षांचा माणूस, पण चाळीचा जिना त्यांनी भराभर चढला. आपण तिला केवढं काही द्यायला चाललोय, असं त्यांना वाटत होतं. पोर हरखून जाईल, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं.

उषा स्टोव्हवर भाकरी टाकत होती. कारभारींनी जोडे काढले, थेट आत आले, भिंतीला टेकून मांडी घातली आणि म्हणाले, "उषे, भूक लागली. वाढ मला."

तिनं मागं वळून बघितलं. तिचा हात पिठाचा होता. तिला बहुतेक आधी कळलंच नाही. मग तिनं ताट घेतलं, वाढलं, तांब्या भरून ठेवला. कारभारी आधी तांब्यातलं पाणी घटाघटा प्यायले, मोठ्यानं, तिला ऐकू जाईल असं. त्यांनी भाकरी मोडली, वरणात कुस्करली, पहिला घास घेतला आणि हसून तिच्याकडं बघितलं.

उषा हसत नव्हती. ती स्टोव्हजवळ उकिडवी बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. काल धक्क्यावर, भरल्या डब्यापुढं ज्यानं हात मागं घेतला, तो माणूस आज न बोलावता ताटावर बसला होता. सकाळी तिचा नवरा त्याला घेऊन गेला होता. आणि या माणसानं आयुष्यात कुठली रीत कारणाशिवाय मोडलेली नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार.

"आबा," ती हळूच म्हणाली, "डॉक्टर काय म्हनले, ते ह्यांनी तुम्हाला सांगितलं ना?"

कारभारींच्या तोंडात दुसरा घास होता. तो गिळता येईना आणि बाहेरही काढता येईना. काहीतरी खोटं बोलायला हवं होतं. गावाला हजार गोष्टी पटवून देणारा माणूस, त्याला त्या वेळी एक साधं खोटं सुचलं नाही. त्यांनी मान खाली घातली आणि ताटाकडं बघत राहिले. शब्द त्यांनी पाळला होता, आणि लेकीला सगळं सांगून टाकलं होतं.

स्टोव्ह फरफरत होता. उषानं तव्यावरची भाकरी उलटली. ती जळू दिली नाही. मग म्हणाली की सासूबाईला आता पत्र टाकावं लागंल, त्यांनी बघितलेली पोरगी चांगल्या घरची हाय म्हणतात. अगदी बाजारहाटाचं बोलावं तशी बोलली. कारभारींना तिचा हात धरायचा होता, नको गं म्हणायचं होतं. पण त्यांचा हात खरकटा होता आणि गळ्यात घास होता.

तिनं गरम भाकरी काढली आणि त्यांच्या ताटात ठेवली.

"जेवा, आबा," ती म्हणाली. "आता कशाची वाट बघायची न्हाई. तुम्ही कधीबी या, कधीबी जेवा."